'नं' ऐकू येईल असा हेडफोन

१८ फेब्रु., सोम.

फाईल ३ कशीबशी उरकली. अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत जे कानात शिरलं त्यातलं निम्मं रूळ, पाव चहावाला, उरलेली बाई. प्लेअरसोबत आलेल्या त्या कानातल्या गोळ्या माझ्या कानासाठी बनल्याच नाहीत. उजवी मुर्तिजापूर यायच्या आत तीनदा पडली. डावी ओढणीत अडकली. समोरच्या आजोबांनी उचलून दिली, वर विचारलं, "कानाची मशीन हाय काय बेटा?" हाव म्हटलं. कुठं समजावत बसू.

स्वतःला बजावायला लिहून ठेवते. पुण्याच्या केंद्राचं हे काम हातचं घालवायचं नाही. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या शेतकरी बायांशी केंद्राच्या पोरांनी गप्पा मारून रेकॉर्डिंग केलंय, ते ऐकायचं आणि जसंच्या तसं लिहून काढायचं. काय पेरता, कोण ठरवतं, जुनं देशी बी कुणाकडं उरलंय का. जिथं उरलं असेल त्या गावांत ते पेरणीआधी जाणार, बी वाढवणार, परत वाटणार. पहिल्या दहा फायली परीक्षेच्या. पास झाले तर बाकीच्या सगळ्या माझ्या. नाहीतर पुण्यातच कुणालातरी देतील आणि तो 'मले' ऐकून 'मला' लिहील. नुसत्या विचारानं डोकं फिरतं माझं.

आणि बडनेऱ्याच्या कॉलेजात तासिकेवर आहे. एप्रिलनंतर ठेवणार का विचारलं की प्राचार्य छताकडं बघतात.

१९ फेब्रु., मंगळ.

वर्षा रोजची गाडीतली. मुर्तिजापूरला शाळेवर आहे. आज म्हणे, "तू गाने ऐकत असती तं समजलं असतं. ह्या बाया कायले ऐकतं गाडीत? घरी ऐक नं."

घरी म्हणे. घरी खाली आब्बांची कापूस पिंजायची मशीन, बाजूला वेल्डिंग. शांतता होते ती रात्री लाईन गेल्यावर, तेव्हा अंधारात लिहू कशी. अपडाऊनचे चार तास हेच काय ते माझे.

फाईल ४ ऐकली. नवरा गेलेली बाई. पोरानं नवऱ्याबद्दल विचारलं, ती पंधरा मिनिटं शेळीबद्दल बोलली. शेळीचं नाव, शेळीच्या खोड्या, शेळी कुणाच्या तुरीत शिरली. मीही तेवढंच लिहिलं. 

२१ फेब्रु., गुरु.

मृणालताईंचा फोन. पुण्याहून माझ्या फायली त्याच तपासतात. आवाज गोड, पेन लाल.

"नसीम, बोली जपायची हे मान्यच आहे हो. पण 'हाव'च्या जागी 'हो' चालेल ना?"

"तुमाले चालन. त्या बाईले नाई चालनार."

कागद उलटल्याचा आवाज. मग म्हणाल्या, "आणि तुमच्याकडे 'अस्पष्ट' फार येतंय. दुसऱ्या फायलीत तर पानोपानी."

मी म्हटलं, बाई अस्पष्ट नाही, गाडी अस्पष्ट आहे. म्हटलं, आमी 'ह' खाणारी माणसं, आमचं ऐकायला आमचेच कान लागतात. पुण्याचे नाही चालत. जरा जास्तच बोलले. पण चूक काय बोलले?

ठरवलं. पुढच्या फायलींत एकही 'अस्पष्ट' नाही. बघतेच.

२३ फेब्रु., शनि.

फाईल ७. केंद्र नावं देत नाही, नुसतं 'आजी, धामणगाव रेल्वेकडचं गाव'. काय आवाज आहे म्हातारीचा. कोरडा, खणखणीत. पोरगा विचारतो, "आजी, पारंपरिक वाणाचं बियाणं आपण जतन केलंय का?"

"काय केलं?"

मी गाडीत एकटीच हसले. वर्षानं बघितलं. मग पोरगा सुधारला, म्हणाला, जुनी देशी कपाशी, तिचं बी. आजी म्हणाली, "बी ठेवलं ना" आणि नेमकी गाडी पुलावर चढली. पुढं "कोन इचारते त्याले आता." मागं घेऊन पुन्हा ऐकलं तर शेजारच्या रुळावर मालगाडी. तिसऱ्यांदा घ्यायला गेले तर उजवी गोळी पडली.

लिहिलं: "बी ठेवलं नाई. कोन इचारते त्याले आता." मेळ बसतो. दहाही पानांत एकही 'अस्पष्ट' नाही. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर टाईप करून दुपारीच मेल केली. घ्या म्हणावं.

२६ फेब्रु., मंगळ.

जठारपेठ. चंदूभाऊंचं दुकान. म्हटलं, हेडफोन दाखवा, गाडीत नेण्यासारखा, पर्समध्ये मावेल असा, आवाज स्वच्छ पाहिजे. त्यांनी एक काढून माझ्या कानाला लावला आणि ढोल सुरू केले.

"बेस पाह्यजा ताई. छाती हालते."

"मले बेस नाई पाह्यजे. मले बाई ऐकू आली पाह्यजे."

"कोनती बाई?"

मग त्यांच्यासमोर फाईल ७ लावली. बेसवाल्यात आजी विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी. दुसऱ्यात नुसती सू सू. तिसऱ्यात बरी, पण तो डोक्यावरून फिरणारा, लोखंडी पट्टीचा, केसांत रुतला. चंदूभाऊ प्रत्येक वेळी स्वतः पण ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आजी लय कडक हाय." मागं दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती.

शेवटी रबरी बोंड्यांचे घेतले. कानात आत बसतात, बाहेरचं सगळं बंद. एवढीशी डबी, पर्सच्या चोरकप्प्यात गेली. खूश आहे.

२९ फेब्रु., शुक्र.

खूश होते.

पॅसेंजर लेट म्हणून एक्स्प्रेसला चढले. बोंड्या घातल्या. अहाहा. गाडीच नाही. फाईल ८ ची बाई जणू माझ्याच बाकावर. लिहीत सुटले. शेंगदाणा चावला तर कानात खडी फुटल्यासारखा आवाज, म्हणून खाणं पण सोडलं. वर्षा उतरताना काही बोलली, मी मान हलवली. मग एकदा वर बघितलं तर खिडकीत चांदूर. बडनेरा गेलं होतं कधीच.

धामणगावला उतरले. परतीची गाडी दीड तासानं. फलाटापलीकडं कापसाच्या गाठी लागल्या होत्या, सरकीचा वास. आब्बांच्या कपड्यांना यायचा तो. बाकावर बसून चहा घेतला. म्हटलं आलोच आहोत तर फाईल ७ ची म्हातारी इथलीच कुठली तरी. पण बी नाही म्हणाली ती, जाऊन करणार काय.

कॉलेजचे दोन्ही तास बुडाले. प्राचार्यांनी छत बघितलं.

संध्याकाळी वर्षा चिडली ते वेगळंच. "मी तुले म्हटलं, मी उतरून राह्यली, समोरचा मानूस बरा वाटत नाई, जागा बदल. तं तू मान हालवली आन् तठीच बसली!" एकट्या बाईनं गाडीत दोन्ही कान बुजवून बसू नये, एवढी साधी अक्कल नाही मला. एम. ए. मराठी.

४ मार्च, मंगळ.

बोंड्या परत. चंदूभाऊ म्हणाले, "बाहेरचा आवाज बंद होते मनूनच तं लोकं नेतात ताई." म्हटलं मला थोडा बाहेरचा पण पाहिजे. बडनेरा ऐकू आलं पाहिजे आणि बाई पण. लहान पाहिजे आणि चांगला पाहिजे. "मंग तुमाले हेडफोन नाई, नवरा पाह्यजे," म्हणाले. दुकान सोडून निघणार होते, पण ते स्वतःच इतके हसले की मलाही हसू आलं.

५ मार्च, बुध.

मृणालताई. आज गोडपणा खरा होता. "सातवी फाईल फार सुरेख झालीय. एकही 'अस्पष्ट' नाही. असंच हवं." हवेत तरंगतेय.

जाता जाता म्हणाल्या, त्या आजींच्या गावाचं नाव यादीतून काढलं, बी नाहीच म्हणाल्यात ना त्या. यादी वीस तारखेला पक्की होते. मग त्यात बदल नाही, माणसं, गाड्या, सगळं त्याप्रमाणे ठरतं.

जरा लागलं. पण म्हातारी स्वतःच नाही म्हणाली तर मी काय करणार.

८ मार्च, शनि.

काल संध्याकाळी चंदूभाऊंनी वरच्या फळीवरून धूळ बसलेला एक खोका काढला. कुणा ऑर्केस्ट्रावाल्यानं मागवला आणि नेलाच नाही. "हे घरी नेऊन पाह्यजा. आठ-दहा दिवसांनं सांगजा."

मोठा. अख्खा कान आत जातो, वर गादी. गादी भरलीय चांगली, मी पिंजाऱ्याची मुलगी, मला कळतं. आणि आवाज! फाईल ९ मध्ये बाई बोलताना मागं कुणीतरी पदर झटकतं, तो ऐकू आला. बांगडी ऐकू आली. बाई बोलायच्या आधी श्वास घेते तो ऐकू आला.

पण पर्समध्ये एक तर डबा, एक तर हा. डबा घरी ठेवला, उपाशी बसले. ओढणी वरून घेतली तर डोक्याची परात झाली. घाम. तिकीट तपासणारा म्हणाला, "मॅडम, विमान उडवून राह्यल्या काय?" अख्खा डबा हसला. वर्षा सगळ्यांत जास्त.

९ मार्च, रवि.

नीट लिहिते. 

आब्बांचे कान पिंजायच्या मशीननं खाल्ले. आधी भिंतीवरची ती धुनकी, दोरीसारखी तात ताणलेलं कापूस पिंजायचं धनुष्य, हातानं चालवायचे, तेव्हा कान शाबूत होते. मशीन आली आणि गेले. आता आमचं बोलणं ते ओठ बघून घेतात. दार वाजलं तर कळत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं मशीन दोन दिवस लावून कपाटात ठेवलं, म्हणे सगळं जग पत्र्यावर पडते.

दुपारी जेवण झाल्यावर मी वर बसले होते, ते आले आणि मोठ्या हेडफोनकडं बोट केलं. "कायचं होय हे?" मी त्यांच्या डोक्यावर चढवला, आवाज शेवटपर्यंत वाढवला. जी पुढं होती ती फाईल लावली. सात.

आब्बा हललेच नाहीत. मग डोळे मिटले. मग खूप मोठ्यानं, कारण स्वतःचा आवाज त्यांना कळत नाही, म्हणाले, "कोन होय वो हे बाई?" मला रडू फुटलं. माझ्या आठवणीत आब्बांनी कुणाकडं न बघता कुणाचं बोलणं ऐकल्याला गंज वर्षं झाली, मोजायची सोडलीत. सगळी फाईल ऐकली. मध्ये दोनदा हसले, बरोबर जागेवर.

काढून ठेवताना म्हणाले, "चांगलं केलं तिनं. बी ठेवलं."

मी ओठ दाखवून सांगितलं, ठेवलं नाई म्हणते.

"ठेवलं नं मनते ते."

म्हटलं, आब्बा, तुमाले दारावरची कडी ऐकू येत नाई.

रागावले नाहीत. उठले, भिंतीवरच्या धुनकीची तात बोटानं छेडली. टंग. पुन्हा ढिल्या बाजूनं छेडली, आवाज खाली गेला. "रुई मोकळी झाली का तात वर बोलते. गाठ असली का खाली. 'नाई' मनताना मानूस खाली उतरते पोरी. हे बाई वर चढली."

आणि जाऊन झोपले.

मशीन बंदच होती; लाईन गेली, बाजूचं वेल्डिंगही थांबलं. मी हेडफोन घातला. प्लेअरमध्ये सेल होते. "बी ठेवलं नं." पुन्हा. "ठेवलं नं." त्याच्या मागं एक कोंबडी आहे. 'ई' कुठंच नाही. वाक्य वर चढतं, अगदी आब्बा म्हणाले तसं, म्हणजे ठेवलंय की, त्यात काय विचारायचं. आणि मग, कोन इचारते त्याले आता.

'ई' मी लावली. पुलानं नाही, गोळ्यांनी नाही, मी. मृणालताईंना दाखवायचं होतं ना.

१० मार्च, सोम.

फोन केला नाही. सकाळी म्हटलं दुपारी, दुपारी म्हटलं त्या जेवत असतील. काय सांगू? ज्या कानांचा तोरा मिरवला तेच चुकले? रोज शंभरदा 'हाय नं', 'चाल नं', 'येतो नं' बोलणारी मी. पुण्याच्या बाईला हे चुकलं असतं तर मी गावभर हसले असते.

गाडीत कुठल्याच फायलीला हात लावला नाही. वर्षानं विचारलं काय झालं. सांगितलं. ती हसली नाही. त्यानं जास्तच वाईट वाटलं.

११ मार्च, मंगळ.

केला.

मृणालताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "खात्री आहे? कारण मागच्या वेळीही तुमची खात्रीच होती." म्हटलं, तुम्हीच ऐका. त्यांनी फाईल लावून फोनवरच ऐकली. "मला तर 'ना' वाटतंय हो, 'नाई'तला." म्हटलं सूर ऐका ताई, वर जातो. "सूर ऐकून मी केंद्राला काय सांगू? एका अनुस्वारावर गाव परत घालता येत नाही."

खरं आहे. केंद्राकडं गावातल्या ज्याचा नंबर होता त्यानं तो बदललाय. मी म्हटलं मी जाते, विचारून येते. त्यांनी आजींचं नाव सांगितलं: वेणूबाई. आणि ठेवता ठेवता म्हणाल्या, "फोन केलात ते बरं केलंत. बरेच जण करत नाहीत."

१३ मार्च, गुरु.

आब्बांना सांगितलं रविवारी धामणगावला जाते. म्हणाले, मी येतो. मी म्हटलं उन्हाचं कायले. तर म्हणे, "देशी रुई हातात घेतल्याले जमाना झाला. थे रुई फुगत होती. गादी दाबली का वर येत होती. आताची लांब धाग्याची बसली का बसलीच." आणि तो खोका मी उचलतो म्हणाले. हेडफोन पर्समध्ये मावत नाही याचं उत्तर एवढं सोपं होतं. बाप सोबत न्यायचा.

१६ मार्च, रवि.

सकाळची गाडी. धामणगावहून काळीपिवळी, तिच्यात आम्ही मागं बसलो, खोका आब्बांच्या मांडीवर. ड्रायव्हरनं विचारलं, मिठाई होय काय चाचा. आब्बांनी ऐकलं नाही, मान हलवली. मुलीनं मान हलवायची सवय कुठून घेतली ते कळलं.

वेणूबाईंचं घर लगेच सापडलं. अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. आवाज ऐकला आणि मी उगाच ओळखीचं हसले.

"कोन होय वो तुमी?"

सांगितलं. पटेना. शेवटी आब्बांनी खोका उघडला, मी हेडफोन त्यांच्या पदरावरूनच चढवला आणि फाईल लावली. त्या ताठ बसल्या.

"हे कोन बुडी होय?"

"तुमीच."

"मी अशी बोलतो?" मग जरा ऐकून, "बराबर बोलली पन."

मी ते वाक्य आलं तिथं थांबवलं आणि विचारलं, तेव्हा काय म्हटलं होतं तुमी, ठेवलं का नाई?

"ठेवलं नं!" माझ्याकडं असं बघितलं की हिला कोणी शिकवलं. "थ्या पोट्ट्यानं लिहून घेतलं आन् चाल्ला गेला. दाखवा मनलं नाई त्यानं. मले वाटलं त्याले नुसतं इचाराचं होतं." तुरीतला खडा फेकून म्हणाल्या, "मी काढून ठेवलं होतं बाहीर. दोन दिवस."

दोन दिवस. आब्बांना ते ऐकू गेलं नाही. मी त्यांना सांगितलं नाही.

आतून गाडगं आणलं. वर राख, राखेत बिया, बारक्या, करड्या, थोडा थोडा कापूस चिकटलेला. आब्बांनी एका बीचा कापूस चिमटीत धरून ओढला, दोन बोटांत चोळला. डोळे मिटले. "हेच होय."

आता खरी गोष्ट. वेणूबाई दरवर्षी बांधावर चार ओळी लावायच्या, घरच्या वातीपुरत्या आणि बी ताजं राहावं म्हणून. गुडघे गेले, वावर पोरगं बघतं, पाकिटाचं बी लावतं. बांधावर लावल्याला तीन पावसाळे झाले. "उगवन का नाई मले नाई मालूम. मी खोटं नाई सांगनार."

निघताना माझ्या ओढणीच्या टोकाला मूठभर बांधून दिलं. म्हटलं सगळं नको, तुम्हाला ठेवा. "हाय अजून. उगवलं तं सांगाले येजा. नाई उगवलं तरी येजा, तुरीची दाय नेजा." आब्बा त्यांना गादी भरून देतो म्हणाले. एकमेकांचं अर्धं बोलणं दोघांना कळत नव्हतं, पण काळीपिवळी येईपर्यंत बोलत होते.

१७ मार्च, सोम.

आब्बांनी मूठभरातल्या थोड्या बिया राखेतून निवडल्या, माती-शेणाच्या पाण्यात घोळून धुतल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून ताटलीत ठेवल्या. स्वैपाकघरात, माठाच्या बाजूला. कुणी हात लावायचा नाही. मी सकाळी निघताना बघायला गेले तर ओरडा खाल्ला.

पुण्याला फोन. आहे म्हटलं, डोळ्यांनी बघितलं, हातात घेतलं. मृणालताई खरंच खूश झाल्या. मग तेच: किती वर्षांचं? तीन म्हटलं. "मग उगवलं तरच घालता येईल, नसीम. नुसतं मडक्यात असून उपयोग नाही. विसाच्या संध्याकाळपर्यंत सांगा." आणि उरलेल्या फायली तुम्हीच करा, म्हणाल्या. मी पेन शोधायला लागले. "ऐकताय ना? आणि 'अस्पष्ट' लिहायला लाजू नका." 'हाव' पण राहू देणार आहेत.

 फायली मिळाल्या, पण म्हातारीचं गाव माझ्यामुळं कटलं ते कटलंच राहिलं तर त्या फायली मला गोड लागणार नाहीत.

१९ मार्च, बुध.

फडकं: काही नाही. बिया फुगल्यात एवढंच. आब्बा पाणी शिंपडतात आणि मला बघू देत नाहीत.

चंदूभाऊंकडं मोठा हेडफोन परत करायला निघाले तर खोका रिकामा. हेडफोन खाली दुकानात, आब्बांच्या डोक्यावर. प्लेअर पण तिथंच. मशीन बंद करून बसलेत आणि माझ्या बाया ऐकतायत. शेळीवाली ऐकून डोळे पुसत होते. मी हात पुढं केला तर हेडफोन दोन्ही हातांनी धरून ठेवला. मी तशीच जठारपेठेत गेले. चंदूभाऊंना म्हटलं तो राहू द्या, गाडीत न्यायला दुसरा द्या.

घडी होणारा निघाला. कानावर बसतो, कानात नाही. मोठ्याइतका स्वच्छ नाही, बांगडी ऐकू येत नाही. गोळ्यांइतका लहान नाही, पण घडी करून डब्याशेजारी मावतो. दुकानातच चाचणी घेतली: फाईल ७ लावली आणि चंदूभाऊंना म्हटलं, हळूच 'बडनेरा' म्हणा. आजी पण ऐकू आली, बडनेरा पण.

"आता तं खूश नं ताई?"

हाव.

असं ठरवलंय. गाडीत कच्चं लिहायचं. जिथं 'ना' असेल तिथं पेन्सिलनं गोल. सगळे गोल घरी आब्बांच्या मोठ्या हेडफोनवर. आणि आब्बांना विचारल्याशिवाय एकही गोल पुसायचा नाही.

२० मार्च, गुरु.

सुट्टी टाकली. कॉलेजात कारण काय सांगू, बी उगवायचंय म्हणून? डोकं दुखतं म्हटलं.

सकाळी मृणालताईंचा मेसेज: "उगवलं का? सहाला यादी पाठवते."

दुपारपर्यंत काही नाही. दोनदा चोरून गेले, आब्बांनी दोन्ही वेळा पकडलं. चारला स्वतःच हाक मारली. मी वरून पळत खाली. ताटली खिडकीजवळ आणली होती, फडकं उलगडलेलं. बोटानं दाखवलं. एका बीचं साल फाटलंय. आत पांढरं, सुईच्या टोकाएवढं. मी वाकून इतकं जवळ बघितलं की श्वासानं हलेल म्हणून आब्बांनी मला मागं ओढलं.

एकच. बाकीच्या तशाच, फुगलेल्या, गप्प.

आब्बांनी पाणी शिंपडलं, फडकं झाकलं, हेडफोन घालून बाकावर बसले. मी त्यांच्या एका कानावरचा उचलला आणि मोठ्यानं विचारलं, बाकीच्या उगवतीन का?

"थांब नं," म्हणाले.

वर चढला सूर. मी नीट ऐकला.

दुसरी फुटायची वाट बघून पावणेसहाला पुण्याला मेसेज केला: "एक फुटली. आब्बा थांब म्हणतात. यादी जरा थांबवा नं, ताई." 'ना' नाही लिहिलं. त्यांना आता कळतं.

साडेसहा झालेत. उत्तर आलं नाही. यादी गेल्याचंही आलं नाही.